दहशतवादी हल्ल्यानंतरचा राष्ट्रीय प्रतिसाद : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

दहशतवादी हल्ल्यानंतर सरकार, राजकीय पक्ष, तपास यंत्रणा, न्यायालये आणि समाज यांच्याकडून होणाऱ्या कृतींचा ‘राष्ट्रीय प्रतिसाद’ या संज्ञेत समावेश होतो. राजीनामे, अटका आणि नवे कायदे काही दिवसांत वा आठवड्यांत होतात. खटले मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतात. घाईच्या अटकेची किंमत कोणाला मोजावी लागते, हे नाशिक जिल्ह्यातील मालेगावइतके क्वचितच कुठे दिसते.

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, दुपारची नमाज आटोपून लोक बाहेर पडत असताना मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात सायकलींवर ठेवलेले बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. प्रशासनाने संचारबंदी लावली. या यंत्रमागांच्या शहराने २००१ ची दंगल सोसलेली असल्याने पुन्हा भडका उडण्याची धास्ती होती. पण हिंदू-मुस्लिम दंगल झाली नाही. समाजाचा हा संयम राजकीय घोषणांपेक्षा मोलाचा होता. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम पुरुषांना अटक केली. पुढे तपास केंद्रीय यंत्रणांकडे गेला, त्याची दिशा पालटली आणि २०११ मध्ये त्यांपैकी बहुतेकांना जामीन मिळाला. न्यायालयाने आरोपमुक्त केले ते थेट एप्रिल २०१६ मध्ये. तोवर त्यांच्यातील एक जण हयात नव्हता. उमेदीची पाच वर्षे तुरुंगात गेली, ती कोणत्याही आदेशाने परत मिळणारी नव्हती.

२९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्याच भिक्कू चौकात मोटारसायकलवरील स्फोटात सहा जण ठार झाले. हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील दहशतवादविरोधी पथकाने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह काहींना अटक केली. आरोपींना नाशिकच्या न्यायालयात हजर केले जाई, तेव्हा बाहेर समर्थक घोषणा देत. तपासावरून राजकीय पक्षांत जुंपली. हा वाद पेटलेला असतानाच २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि करकरे त्यात शहीद झाले.

मुंबईतील १६६ बळींनंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी पदे सोडली. उपमुख्यमंत्रिपद येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांच्याकडे आले. आर. आर. पाटील २००९ च्या निवडणुकीनंतर गृहमंत्री म्हणून परतले. अधिक टिकाऊ बदल संस्थात्मक होते : डिसेंबर २००८ मध्ये संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा (एनआयए) कायदा केला, तर राज्याने ‘फोर्स वन’ हे कमांडो पथक उभारले. मुंबईच्या हल्ल्यातून जन्मलेल्या याच एनआयएकडे २०११ मध्ये मालेगावचे दोन्ही खटले गेले.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. त्यानंतर केंद्राने सिंधू जलकरार स्थगित केला आणि ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले. त्याच दिवशीच्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावासाठी निवडलेल्या ठिकाणांत नाशिक, सिन्नर आणि मनमाड यांचा समावेश होता.

३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने २००८ च्या खटल्यातील सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना ५० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेशही दिला. जवळजवळ सतरा वर्षांनंतरही ‘स्फोट कोणी केला?’ या प्रश्नाला न्यायालयात सिद्ध झालेले उत्तर नव्हते. त्यामुळे मृतांच्या नातेवाइकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अपील दाखल केले.