गॅजेट

नेमके एखादे काम सोपे करून देणारे, बहुधा हातात किंवा खिशात मावणारे आणि घडणीत काहीतरी खुबी असलेले उपकरण म्हणजे गॅजेट. या व्याख्येत वजन आहे ते खुबीला. फ्रिज किंवा पाण्याचा पंप कितीही उपयोगी असला तरी त्याला कोणी गॅजेट म्हणत नाही. एकाच पात्यामागे सहा हत्यारे दडवणाऱ्या खिशातल्या चाकूला मात्र हे नाव सहज चिकटते. वीज, बॅटरी किंवा चिप असलीच पाहिजे अशी अट नाही. हल्लीच्या बोलण्यात हा शब्द मोबाइल, इअरबड्स, स्मार्टवॉच अशा इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता आक्रसला आहे. या नोंदीत तो मूळच्या ऐसपैस अर्थाने घेतला आहे.

मुरलेले तंत्र, नवी जागा

गॅजेटमध्ये अगदी नवे विज्ञान क्वचितच असते. बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणत्या तरी धंद्यासाठी तयार झालेले, स्वस्त झालेले आणि खोडी माहीत असलेले तंत्र उचलून अनपेक्षित जागी बसवलेले असते. हे सूत्र सर्वांत स्पष्टपणे मांडले ते निन्टेन्डो या जपानी कंपनीतील गुनपेई योकोई यांनी. 'सुकलेल्या तंत्राचा आडवा विचार' अशा आशयाचे त्यांचे शब्द होते. सुकलेले म्हणजे टाकाऊ नव्हे. ज्यात आता काही आश्चर्य उरलेले नाही असे. कॅल्क्युलेटरच्या स्पर्धेमुळे छोटे एलसीडी पडदे आणि चिप स्वस्त झाल्या, तेव्हा 1980 मध्ये त्यांनी त्याच सुट्या भागांतून 'गेम अँड वॉच' हा खिशातला खेळ काढला.

1989 चा 'गेम बॉय' हा याच विचाराचा पुढचा टप्पा. रंगीत पडदा तेव्हा शक्य होता, तरी योकोई यांनी हिरवट छटेचा, मागून प्रकाश नसलेला पडदा निवडला. चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून अधिक चाले. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत, उजळ पडद्याचा 'गेम गिअर' आणला. तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. शेजारी शेजारी ठेवले तर गेम बॉय ओशाळवाणा दिसे. विक्रीचा निकाल मात्र उलटा लागला: गेम बॉय आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून 11 कोटी 80 लाखांवर नग गेले, गेम गिअरचे सुमारे एक कोटी. प्रवासात खेळायच्या वस्तूला आधी प्रवासभर पुरले पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. खेळांचा भरणा आणि किंमत यांचाही त्यात वाटा होता, हे खरे.

अशी उसनवारी पुढेही चालू राहिली. मोटारीची धडक ओळखून एअरबॅग उघडणारा सूक्ष्म त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा सेन्सर) स्वस्त झाला आणि 2006 मध्ये निन्टेन्डोच्याच 'वी' या खेळयंत्राच्या हातातल्या रिमोटमध्ये जाऊन बसला. फोन आडवा धरला की चित्रही आडवे होते ते याच जातीच्या सेन्सरमुळे. कॉर्निंग कंपनीने 1960 च्या दशकात रासायनिक प्रक्रियेने कणखर केलेली काच बनवली, तिला पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्याने प्रकल्प गुंडाळून ठेवला, आणि 2007 मध्ये आयफोनच्या पडद्याच्या निमित्ताने तो धागा पुन्हा हाती घेतला. तोशिबाने 1.8 इंची हार्ड डिस्क तयार केली, पण तिचे करायचे काय हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. ॲपलने ती पाहिली आणि 2001 मध्ये पहिला आयपॉड आला.

काय काढून टाकले

सोनीचा वॉकमन 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्याचा आधार होता 'प्रेसमन' हा पत्रकारांसाठीचा छोटा टेपरेकॉर्डर. अभियंत्यांनी त्यातून रेकॉर्डिंगची सोय काढली, स्पीकर काढला आणि स्टीरिओ आवाजाची जोडणी बसवली. हलके हेडफोन कंपनीच्याच दुसऱ्या विभागात आधीपासून आकार घेत होते. रेकॉर्ड न करणारा टेपरेकॉर्डर घेणार कोण, ही कंपनीतल्या लोकांची शंका मुळीच वेडगळ नव्हती. पहिल्या महिन्यात जेमतेम 3,000 नग खपले. मग कंपनीची माणसे तोक्योच्या गजबजलेल्या भागांत हिंडून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानाला हेडफोन लावू लागली, आणि 30,000 ची पहिली खेप ऑगस्ट संपता संपता संपली.

या पहिल्या वॉकमनमध्ये एक मजेदार अवशेष आहे. त्याला हेडफोनसाठी दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीताचा आवाज उतरे आणि अंगच्या मायक्रोफोनमधून शेजारच्या श्रोत्याशी बोलता येई. एकट्याने गाणी ऐकत बसणे शिष्टाचाराला धरून होणार नाही, अशी सोनीचे अध्यक्ष अकिओ मोरिता यांना धाकधूक होती. लोकांना तर नेमके एकटेच ऐकायचे होते. पुढच्या मॉडेलमध्ये बटण गेले. गॅजेट बनवणाऱ्याचा वापराबद्दलचा अंदाज आणि प्रत्यक्ष वापर यांत असे अंतर पडणे हा या क्षेत्रातला नित्याचा प्रकार आहे.

ब्रिटनमधील क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 1972 मध्ये 'एक्झिक्युटिव्ह' हा अतिशय पातळ कॅल्क्युलेटर आणला. त्या वेळच्या चिप एवढी वीज खात की मोठ्या बॅटरीवाचून गत्यंतर नव्हते. सिंक्लेअरच्या अभियंत्यांच्या लक्षात आले की चिपचा पुरवठा क्षणाच्या अगदी छोट्या अंशासाठी तोडला तरी आतल्या धारकतेमुळे, म्हणजे विद्युतभार क्षणभर साठून राहत असल्यामुळे, आकडे पुसले जात नाहीत. त्यांनी वीज सलग न देता ठोके पडावेत तशी तुकड्यातुकड्यांनी दिली. विजेचा खर्च इतका घटला की बटणासारख्या बारीक सेलवर भागू लागले. चिप दुसऱ्याची, सेल बाजारातले. सिंक्लेअरचे स्वतःचे काय होते, तर ही शक्कल.

न कळता कळणारी यंत्रे

आपोआप बंद होणारा विजेचा भातकुकर हे युक्तीचे बहुधा सर्वांत निर्मळ उदाहरण ठरावे. तोशिबाने तो 1955 मध्ये बाजारात आणला. कंपनीसाठी तो सिद्ध केला योशितादा मिनामी या लहान कारखानदाराने. पत्नी फुमिको यांनी घरी दिवसचे दिवस भात शिजवून तापमानाच्या नोंदी ठेवल्या. अडचण अशी होती की तांदूळ शिजल्याचे यंत्राला कळावे कसे? घड्याळ लावून उपयोग नाही, कारण तांदूळ, पाणी आणि हवामान रोज वेगळे. मिनामींच्या कुकरमध्ये आत एक भांडे आणि बाहेर एक भांडे होते. बाहेरच्यात मोजके पाणी घालायचे. ते उकळून संपायला सुमारे 20 मिनिटे लागत. पाणी आहे तोवर तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकत नाही. पाणी संपताच ते चढते, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज तुटते.

आजच्या साध्या कुकरमध्ये बाहेरचे पाणी गेले, तत्त्व तेच राहिले. तापणाऱ्या तबकडीच्या मध्यभागी स्प्रिंगवर बसवलेले एक गोल बटण असते. भांड्याचे बूड त्यावर टेकते. बटणाच्या आत कायमचा चुंबक असतो आणि त्याच्यासमोर फेराइट या लोहयुक्त चुंबकी पदार्थाचा तुकडा. फेराइटचे मिश्रण असे निवडलेले असते की 100 अंशांच्या किंचित वर, साधारण 103 अंशांच्या आसपास, त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. भातात मोकळे पाणी असेपर्यंत चुंबक त्याला धरून राहतो. पाणी शोषले गेले की तापमान उसळी घेते, फेराइट चुंबकाला दाद देईनासे होते, स्प्रिंग जिंकते आणि खटका 'टक्' करून वर येतो. वाटीभर भात असो वा डबाभर, मोजमाप काहीच नाही. कुकरला ना वेळ ठाऊक, ना तांदळाचे प्रमाण. पाणी संपले एवढेच त्याला उमजते आणि तेवढे पुरते.

विजेच्या किटलीतही तसेच आहे, फक्त तिथे वाफ कामाला लावलेली असते. पाणी खळखळू लागले की वाफेचा झोत एका वाटेने खटक्याजवळच्या द्विधातू चकतीवर येतो, चकती उलट्या बाजूला फुगते आणि खटका पडतो. झाकण उघडे राहिले तर किटली उकळतच का राहते, याचे कारणही हेच: वाफ वरून निघून जाते, चकतीपर्यंत पोचतच नाही.

हाताशी जमणारी रचना

घडण चांगली आहे का, याचा निवाडा शेवटी हात करतो. अमेरिकेत उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे धातूचे बारीक मुठीचे सालकाढणे धरवेना. त्यातून 1990 मध्ये 'ऑक्सो' या नावाने स्वयंपाकघरातल्या हत्यारांची मालिका निघाली. तिची ओळख म्हणजे रबरासारख्या मऊ पदार्थाची जाडजूड, लंबगोल मूठ. आणि अंगठा व तर्जनी टेकतात तिथे दबणाऱ्या पातळ पट्ट्या. आखडलेल्या बोटांसाठी केलेली ही मूठ धडधाकट हातांनाही आवडली. याच कंपनीच्या मापाच्या भांड्यात आतून तिरकी पट्टी आहे, त्यामुळे खुणा वरून वाचता येतात. साध्या भांड्यात लोक ओततात, वाकून बघतात, पुन्हा ओततात, पुन्हा वाकतात. आणि काय त्रास होतो असे विचारले तर वाकण्याचा उल्लेखही करत नाहीत. त्रास अंगवळणी पडला की तो त्रास वाटत नाही. म्हणून विचारत बसण्यापेक्षा माणसाला काम करताना न्याहाळणे अधिक फलदायी ठरते.

कॅसिओचे किकुओ इबे यांनी 'जी-शॉक' या पडूनही न मोडणाऱ्या घड्याळासाठी जवळजवळ दोन वर्षे घालवली. नमुने इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील स्वच्छतागृहाच्या खिडकीतून खाली टाकायचे आणि जिना उतरून आत काय मोडले ते बघायचे, ही त्यांची प्रयोगशाळा. दोनशेच्या आसपास नमुने झाले, पण दरवेळी कोणता ना कोणता भाग दगा देई. बागेत चेंडू आपटत खेळणारी मुलगी पाहून त्यांना सुचले की चेंडूच्या आत घड्याळाचे यंत्र तरंगत असते तर त्याला धक्काच बसला नसता. 1983 मध्ये आलेल्या घड्याळात यंत्र कवचाला अगदी मोजक्या ठिकाणीच टेकवलेले होते.

मुद्दाम निरुपयोगी

जपानमध्ये केंजी कावाकामी यांनी 1980 च्या दशकात 'चिंदोगू' हा प्रकार रूढ केला. एखादी अडचण खरोखर सुटते, पण सोडवण्याच्या नादात नवा अवघडलेपणा किंवा लाज पदरी पडते, अशी ही साधने. त्याचे नियमही आहेत: वस्तू प्रत्यक्षात बनवलेली असली पाहिजे, ती विकायची नाही, तिचे पेटंट घ्यायचे नाही. गरम नूडल्स गार करायला चॉपस्टिकवर बसवलेला चिमुकला पंखा ही या पंथातली मान्यवर वस्तू.

निरुपयोगीपणाची रेषा मात्र सरकत असते. मिनोल्टा कंपनीत काम करणाऱ्या हिरोशी उएदा यांनी 1980 च्या दशकातच स्वतःचा फोटो काढण्यासाठी लांबणारी काठी तयार करून तिचे पेटंट घेतले होते. ती फारशी चालली नाही आणि 1995 साली निरुपयोगी शोधांच्या एका संग्रहात तशाच काठीची थट्टा झाली. उएदांचे पेटंट 2003 मध्ये संपले. त्यानंतर दशकभरातच फोनला पुढचा कॅमेरा आणि माणसाला तो फोटो दाखवायची घाई, दोन्ही आल्यावर सेल्फी स्टिक जगभर पसरली.

फसगत आणि अडकवणूक

हेतूपेक्षा खुबी मोठी झाली की नाकापेक्षा मोती जड होतो. 2016 मध्ये अमेरिकेत 'जुसेरो' हे वाय-फायला जोडलेले रसयंत्र 699 डॉलरला आले. चिरलेल्या भाज्याफळांची कंपनीचीच पिशवी त्यात ठेवायची. यंत्र तिच्यावरचा कोड तपासून मगच ती दाबायचे. उघडून पाहणाऱ्या अभियंत्यांच्या मते त्याची आतली घडण फारच दणकट, किंबहुना गरजेहून कितीतरी अधिक दणकट होती. एप्रिल 2017 मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी तीच पिशवी नुसत्या हातांनी पिळून जवळपास तेवढाच रस काढून दाखवला. सप्टेंबरमध्ये धंदा बंद झाला.

यंत्र स्वस्तात द्यायचे आणि शाई, पाती, कॅप्सूल यांवर कमाई करायची, हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा मार्ग प्रिंटरवाल्यांनी चांगलाच मळवला आहे. त्यातली खुबी वापरणाऱ्यासाठी नसते. दुसऱ्याची शाई ओळखून नाकारणारी चिप ही तांत्रिकदृष्ट्या हुशारीच आहे, पण ती हुशारी ग्राहकाच्या विरोधात उभी असते.

गिळंकृत गॅजेटे आणि कचरा

एकेका कामाची कितीतरी साधने स्मार्टफोनने पोटात घातली. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार डिजिटल कॅमेऱ्यांची विक्रीसाठीची पाठवणी 2010 मध्ये 12 कोटींच्या वर होती. 2023 मध्ये ती 80 लाखांच्याही खाली आली. विजेरी, गजर, होकायंत्र, ध्वनिमुद्रक यांची गतही फार निराळी नाही.

वस्तू कमी झाल्या म्हणून कचरा कमी झाला असे घडले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. बिनतारी इअरबड्ससारख्या वस्तूंत बॅटरी चिकटवून बंदिस्त केलेली असते. ती दमली की चांगला स्पीकर आणि चांगली चिपही तिच्याबरोबर टाकून द्यावी लागते. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून फोन, टॅब्लेट, हेडफोन इत्यादींना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचे केले. फेब्रुवारी 2027 पासून तिथे छोट्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू व्हायचा आहे. मुख्यतः पाण्याच्या सान्निध्यात वापरायच्या काही उपकरणांना त्यात सवलत असून तिथे बॅटरी बदलण्याचे काम जाणकार दुरुस्तीवाल्याकडे सोपवता येते.