पैरा फेडायला देवाचं भय लागतं का?

गेल्या फाल्गुनात कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी सप्ताहाचं काल्याचं कीर्तन ऐकलं. बुवांचा आवाज गोड, पाठांतर थक्क करणारं. निरूपणाच्या ओघात ते एक वाक्य बोलून गेले आणि माझं मन तिथंच अडकलं: "देवाचं भय उठलं की माणसाचं जनावर होतं." मांडवातल्या निम्म्या माना डोलल्या. शेजारी बसलेले आमचे तात्या, वय 78, त्यांचीही डोलली. पण महाप्रसादाच्या पंगतीतून ते लवकर उठले. म्हणाले, "सकाळच्याला पैरा फेडायचाय. दोन गडी घिऊन जायचंय हळद काढायला."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आज तुमच्या रानात माझी दोन माणसं, पुढच्या आठवड्यात माझ्या रानात तुमची दोन, हा पैरा. कोकणात याच चालीला सावड म्हणतात. पैसा नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. मी तात्यांना विचारलं, "नाही फेडला तर देव कोपतो का?" ते चप्पल शोधता शोधता म्हणाले, "देव कशाला मधी येतोय? पुढच्या साली माझी हळद कोण काढंल?"

कीर्तनातल्या वाक्यावर मान डोलावणाऱ्या माणसानं अर्ध्या तासात त्याचं उत्तरही देऊन टाकलं होतं. नीती धर्मातूनच येते, देव वजा केला की नीतीही वजा होते, असं आपल्याकडे शाळेच्या भाषणांपासून गणपतीच्या व्याख्यानमालेपर्यंत ऐकू येतं. मला ही समजूत चुकीची वाटते, आणि का वाटते ते सांगायला 'जनावर' या शब्दापासूनच सुरुवात केलेली बरी.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्त पिऊन जगणारी वटवाघळं आहेत. रात्री गाई-घोड्यांच्या अंगाला बारीक चावा घेऊन ती रक्त चाटतात. दुसरं काही खात नाहीत. दोन-तीन रात्री सलग उपास घडला की ती मरतात, आणि शिकार रोज मिळतेच असं नाही. जेराल्ड विल्किन्सन या प्राणिशास्त्रज्ञानं कोस्टारिकात त्यांच्या ढोलींवर दीर्घकाळ नजर ठेवली आणि 1984 साली आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. उपाशी परतलेल्या वटवाघळाला पोट भरलेली सोबतीण आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवते. घेणारं पोर किंवा नात्यातलं असतं तसं कधी नुसतं ओळखीचंही असतं. नातं जास्त महत्त्वाचं की आधीची देवघेव, हे पुढे जेराल्ड कार्टर यांनी विल्किन्सन यांच्याबरोबर पाळलेल्या वटवाघळांवर तपासलं. 2013 साली त्यांनी दाखवलं की कोण कोणाला भरवणार याचा अंदाज नात्यावरून येतो त्यापेक्षा किती तरी चांगला 'आधी कोणी कोणाला भरवलं होतं' यावरून येतो. म्हणजे पैराच.

डार्विनच्या सिद्धांतापुढचं हे जुनं कोडं होतं. जो स्वतःचं बघतो तोच टिकणार असेल, तर पोटातला घास दुसऱ्याला देणारे प्राणी उरलेच कसे? रक्ताच्या नात्यापुरतं उत्तर विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 साली गणितानं दिलं: भावाला वाचवलं तर आपलेच अर्धे जनुक वाचतात. नात्याबाहेरच्या मदतीचं उत्तर रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 साली दिलं. त्यांची अट साधी आहे. देणाऱ्याचा तोटा लहान हवा, घेणाऱ्याचा फायदा मोठा हवा, आणि दोघांची पुन्हा गाठ पडायला हवी.

यातली तोटा-फायद्याची अट नीट बघण्यासारखी आहे. पोट भरलेल्या वटवाघळाचं वजन सुरुवातीला झपाट्यानं उतरतं, उपाशी वटवाघळाचं सावकाश. त्यामुळे रक्ताचा तोच घोट तुडुंब वटवाघळानं दिला तर त्याच्या आयुष्याच्या दोरीतले थोडेच तास कमी होतात, आणि मरायला टेकलेल्याला त्याच घोटात कितीतरी जास्त तास मिळतात. पैऱ्याचंही गणित हेच. तात्यांची हळद अजून काढायला आली नव्हती, त्यांचे दोन गडी त्या दिवशी मोकळेच होते. शेजाऱ्याचा पाला कापून झाला होता, रान खणायला तयार होतं, आणि त्या दिवशी माणूस न मिळणं म्हणजे सगळं काम मागे पडणं. तेच दोन गडी, तोच दिवस, पण एकाकडे त्याची किंमत कमी आणि दुसऱ्याकडे जास्त. सगळ्या गावाची हळद एकाच दिवशी काढायला आली असती तर पैरा जन्मालाच आला नसता!

उरलेली अट पुन्हा गाठ पडण्याची, आणि इथं थोडं गणित करावंच लागेल. दोघांचा खेळ समजा. दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी 3 गुण. दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी 1. एकानं साथ आणि दुसऱ्यानं दगा दिला तर दगा देणाऱ्याला 5, साथ देणाऱ्याला 0. खेळ एकदाच असेल तर समोरचा काहीही करो, दग्यातच जास्त गुण आहेत. मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी 1980 च्या सुमारास जाणकारांना आवाहन केलं, की हा खेळ पुन्हा पुन्हा खेळणारे संगणकाचे प्रोग्रॅम पाठवा. पहिल्या स्पर्धेत 14 प्रोग्रॅम आले, दुसऱ्या स्पर्धेत 62. दोन्ही वेळा जिंकला तो सगळ्यात छोटा, अनातोल रॅपोपोर्ट यांचा. त्याचा नियम असा: पहिल्या डावात साथ द्या, पुढे समोरच्यानं मागच्या डावात जे केलं तेच करा. आपल्या भाषेत 'जशास तसे', पण सुरुवात विश्वासानं.

समजा अशा 'जशास तसे' गड्याशी सरासरी 10 वेळा गाठ पडणार आहे. दर वेळी साथ दिली तर 30 गुण. दर वेळी दगा दिला तर पहिल्या डावाचे 5 आणि मग नऊ डाव एकेक, म्हणजे 14. गाठ सरासरी दोनदाच पडणार असेल तर साथीचे 6 आणि दग्याचेही 6, बरोबरी. आता एकाआड एक दगा देणारा लबाड घ्या. त्याला एका डावात 5, पुढच्यात 0, असं मिळत जातं. पुन्हा गाठ पडण्याची शक्यता दर वेळी दोन-तृतीयांश असेल, म्हणजे सरासरी तीन गाठी, तर त्याचे 9 होतात आणि सरळ साथ देणाऱ्याचेही 9. गाठी त्याहून वाढल्या की हा लबाडही मागे पडतो. या गुणांच्या हिशेबात सारी गोम त्या दोन-तृतीयांशाच्या रेषेत आहे. खेड्यात पुन्हा गाठ पडण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के. एसटी स्टँडवर ती जवळजवळ शून्य. तात्या गावात वागतात तसे सगळे स्टँडवर का वागत नाहीत, याचं बरंचसं कारण इथं आहे.

'जशास तसे'चा एक दोष मात्र राहतो. चुकून एकदा दगा झाला, निरोप पोचला नाही, गडी आजारी पडला, तर दोघं एकमेकांवर उलटत राहतात आणि थांबत नाहीत. आमच्याकडे बांधावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं आहेत, त्यांना हे सांगायला नको. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी 1992 साली दाखवलं की चुका होत असतील तेव्हा थोडी क्षमा करणारा गडी सरस ठरतो. वरच्या गुणांनी हिशेब केला तर साधारण तीनातला एक दगा सोडून द्यावा असं निघतं. क्षमा ही संतांनी शिकवलेली गोष्ट आपण मानतो, आणि त्यांनी ती फार सुंदर शिकवली. पण आकड्यांतूनही ती उगवते, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही घेऊन रात्रभर डाव मांडत बसलो होतो.

मग धर्माचं काय? धर्माचं कामच नाही असं मी म्हणणार नाही, कारण पुरावा तसा नाही. 2016 साली फिजी, सायबेरिया, टांझानियासह जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या आठ समाजांत केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपला देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो असं मानणारे लोक दूरच्या, अनोळखी धर्मबांधवाशी नाण्यांच्या वाटणीत अधिक सचोटीनं वागले. गाव मोठं झालं, पुन्हा गाठ पडण्याची खात्री गेली, तेव्हा 'वरून कोणी बघतंय' या कल्पनेनं ते भोक बुजवायला मदत केली असावी. पण लक्षात घ्या, तिथंही वर्तुळ धर्मबांधवांचं होतं.

धार्मिक शिक्षण घेतलेला माणूस आपोआप परोपकारी होतो का? 1973 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होऊ घातलेल्या 40 विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे पाठवलं. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला. काहींना तर पुढे जाऊन चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीवरच बोलायचं होतं, म्हणजे वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची येशूची गोष्ट. ज्यांना घाई नव्हती त्यांतले 63 टक्के थांबले, ज्यांना फार घाई होती त्यांतले 10 टक्के. ते कोणत्या प्रकारचे धार्मिक होते यावरून कोण थांबेल हे सांगता आलं नाही. घड्याळावरून सांगता आलं.

सांगलीत एका इमारतीच्या जिन्यात थुंकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का अशा फरशा बसवल्या आहेत. फरशांवर डाग नाही. फरशी जिथं संपते तिथून वीतभर अंतरावर पानाची पिचकारी. निवडणुकीत तर पैसे वाटून मतदाराला बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायला लावतात. देवाचं भय हे नीतीचं मूळ असतं तर त्याच भयाचा उपयोग मत विकत घ्यायला झाला नसता. हा भोळ्या माणसाच्या श्रद्धेचा गैरवापर आहे, मला त्याची चीड येते. आणि दुसऱ्या बाजूनं 'बाळाला जन्मतःच नीती कळते' अशा बातम्याही सावधपणे घ्या. मदत करणाऱ्या बाहुलीला बाळं पसंत करतात असा 2007 सालचा प्रयोग फार गाजला, पण अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला तेव्हा तशी पसंती दिसली नाही.

आता माझ्या आवडत्या पैऱ्याची उणीव. ज्याच्याकडे रान आहे तोच पैरा करू शकतो. भूमिहीनाकडे बदल्यात मागायला काही नव्हतं, त्यामुळे तो या गोड वर्तुळाच्या बाहेर राहिला, आणि जातीच्या नावानं धर्मानंही त्याला बाहेरच ठेवलं. उत्क्रांतीनं दिलेली देवघेव आणि परंपरेनं दिलेला धर्म, दोन्ही तिथं अपुरे पडले. वर्तुळ रुंदावलं ते 'हे न्याय्य आहे का?' असं विचारणाऱ्यांनी. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं तेव्हा पाण्यावर भूमिहीनाचाही हक्क हे तत्त्व मांडलं गेलं. आमच्या रानाला पाणी देणाऱ्या योजनेचं नाव टेंभू. कऱ्हाडजवळच्या त्याच टेंभूत 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. देव न मानणाऱ्या या माणसानं शिकत असतानाच आईला कळवलं होतं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार. तो शब्द त्यांनी 1895 साली मृत्यू येईपर्यंत पाळला. पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली तरी पाळला.

कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी मीही तात्यांबरोबर रानात गेलो. शेजाऱ्याचं काम दुपारी आटोपलं तसे तात्या गड्यांना घेऊन वरच्या आळीच्या एका म्हातारीच्या वाफ्यांत शिरले. तिचा मुलगा परगावी, घरात काम करणारं कोणी नाही, ती पैरा फेडणार कशी? माझं सगळं गणित तिथं अडलं. मी विचारलं तेव्हा तात्यांनी हळदीच्या गड्ड्याची माती झटकली आणि म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात तिच्या सासऱ्यानं आमच्या घरात जोंधळा घातलाय."