दिसतंय ना नीट, मग पडदा कशाला तपासायचा?

"मला लांबचं जवळचं सगळं दिसतंय, डोळे कशाला तपासू?" शुगर असलेल्या माणसांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. डायबेटिसमुळे डोळ्याचा पडदा खराब व्हायला लागतो तेव्हा सुरुवातीला, कधी कधी वर्षानुवर्षं, ना दुखतं ना अंधुक होतं.

पडद्यातल्या केशवाहिन्या इतक्या बारीक, की रक्तातल्या लाल पेशीला अंग चोरून पुढे सरकावं लागतं. वाहिनीची भिंत एकाच थराची आणि त्या भिंतीला बाहेरून मिठी मारून बसलेल्या असतात पेरिसाइट नावाच्या पेशी. बाकी शरीरात त्या विरळ, पण पडद्यात भिंतीच्या जवळपास प्रत्येक पेशीमागे एक, म्हणजे निसर्गाने इथे पहारा किती कडक ठेवलाय बघा! शुगर सतत चढी राहिली की आधी याच मरतात. कोगन, तुसाँ आणि कुवाबारा या संशोधकांनी मधुमेही माणसांचे पडदे ट्रिप्सिनने, म्हणजे प्रोटीन पचवणाऱ्या एका पाचकद्रव्याने, पचवून नुसतं वाहिन्यांचं जाळं मोकळं केलं आणि १९६१ साली दाखवून दिलं, की पेरिसाइट होत्या तिथे फक्त रिकामे ठसे उरलेत.

आधार गेला की भिंत फुगते, मोहरीहून कितीतरी बारीक असे फुगे येतात, त्यातून पाणी आणि चरबी पाझरते. चरबीचे पिवळे ठिपके डॉक्टरांना चक्क दिसतात. हेच पाणी मॅक्युलात, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागात, साचलं की खरी पंचाईत, कारण जेमतेम साडेपाच मिलिमीटरच्या या जागेवर वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं अवलंबून. सूज आली की सरळ ओळी वाकड्या दिसतात, मधोमध धूसर होतं, आणि माणूस म्हणतो चष्म्याचा नंबर वाढला.

दुसरीकडे वाहिन्या बुजतात, उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतो आणि नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात, त्या कधीही रक्त सांडतात. डोळ्यात द्यायची इंजेक्शनं याच प्रोटीनला अडवतात, गरजेप्रमाणे लेझरही करतात. "हे थेंब घाला, पडदा साफ होईल" असले फॉरवर्ड मात्र कृपा करून डिलीट करा, त्यात जे महिने वाया जातात त्यात नजर जाते.

टाइप २ असेल तर निदान झाल्याबरोबर, टाइप १ असेल तर ५ वर्षांच्या आत पडदा तपासायचा, आणि पुढे साधारण दरवर्षी. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, काही तास अंधुक दिसतं, तेव्हा गाडी स्वतः चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या.