"पण सर, ते पाहिलं कुणी?"

विश्वाचा जन्म सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोटातून झाला, हे दहावीतली मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. मग मागच्या बाकावरून एखादा विचारतो, "पण सर, ते पाहिलं कुणी?" बहुतेक वेळा "पुस्तकात दिलंय तेवढं लिही" म्हणून त्याला खाली बसवलं जातं. धडा सुरू करायचा तो याच प्रश्नापासून.

दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, जितक्या लांब तितक्या वेगानं दूर जाताहेत, हे खगोलशास्त्रज्ञ हबलनं १९२९ मध्ये दाखवलं. तेवढं बहुतेकांना माहीत असतं. माझा जीव १९६५ च्या शोधात अडकलेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात खरखर येत होती. कुठल्याही दिशेला वळवा, तेवढीच. आत कबुतरांनी केलेली घाण खरवडून काढली, तरी खरखर जाईना. ती खरखर म्हणजे विश्वातला सर्वांत जुना प्रकाश होता, विश्वाबरोबर ताणला जाऊन रेडिओलहरी झालेला.

सुरुवातीला इलेक्ट्रॉन मोकाट होते आणि प्रकाशकण त्यांच्यावर आपटून भरकटत. दाट धुक्यात गाडीचे दिवे लावावेत तसं, उजेड भरपूर पण दिसत काही नाही. विश्व पसरत निवलं, इलेक्ट्रॉन प्रोटॉनला चिकटून हायड्रोजन झाला आणि प्रकाश सुटला. विश्वाचं वय तेव्हा ३ लाख ८० हजार वर्षं, तापमान सुमारे ३००० केल्विन (केल्विन हे तापमानाचं एकक).

गंमत पुढेच आहे. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन उपटायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, म्हणजे तापमानाच्या हिशेबात दीड लाख केल्विन. मग विश्व त्याखाली उतरताच हायड्रोजन का टिकला नाही? कारण एकेका प्रोटॉनमागे दीडशे कोटींहून जास्त प्रकाशकण होते. बहुतेक दुबळे झाले, तरी एवढ्या गर्दीत थोडे दांडगे उरतातच आणि जमलेला अणू फोडायला ते पुरतात. ३००० च्या आसपास तेही संपले. त्यानंतर विश्व सुमारे ११०० पट ताणलं गेलं, आणि जितकं ताणलं तितक्या पटीनं प्रकाशाचं तापमान उतरलं. ३००० ला ११०० नं मुलांनाच फळ्यावर भागू द्या. आज मोजलं जाणारं तापमान २.७ केल्विन आहे.

"हे आमच्या ऋषींना ठाऊकच होतं" म्हणणारे भेटतात. ऋग्वेदातलं विश्वाच्या उत्पत्तीवरचं नासदीय सूक्त सुंदर आहे, पण त्याच्या शेवटी प्रश्नच आहे, त्यात २.७ शोधत बसू नये. त्यापेक्षा मुलांना जयंत नारळीकर सांगा. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारणाऱ्या या कोल्हापूरच्या माणसाला महास्फोट पटला नव्हता, आणि त्यांनी गणितानिशी पर्याय मांडला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही, कारण या जुन्या प्रकाशाचा महास्फोटाइतका सरळ उलगडा त्यातून होत नव्हता. हा वाद एका तासिकेत मावत नाही, दोन ठेवा.