उठावाची रेषा, कोरीव रेषा: मोठ्या स्केलच्या विमान-मॉडेलांची पार्श्वभूमी

मोठ्या स्केलच्या विमान-मॉडेलांची चर्चा बहुधा आकारमान, सुट्या भागांची संख्या आणि किंमत यांच्याभोवती फिरते. १/३२ आणि १/२४ या दोन स्केलांची, म्हणजे खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या आणि चोविसाव्या हिश्शाएवढ्या मॉडेलांची, गेल्या सहा दशकांतील वाटचाल पाहिली, तर मात्र या छंदाला आजचे रूप देणारा निर्णय वेगळाच होता असे दिसते. विमानाच्या अंगावरील पत्र्यांच्या जोडरेषा, ज्यांना मॉडेल बनवणारे ‘पॅनेल लाइन’ म्हणतात, त्या प्लॅस्टिकवर उठावाच्या असाव्यात की कोरीव, हा तो प्रश्न होय. लहान स्केलमध्ये त्याचे उत्तर कसेही दिले तरी फारसे बिघडत नाही. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाचे पंख १/७२ मध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर भरतात आणि नजर एकूण आकारावरच राहते. तेच विमान १/३२ मध्ये ३५ सेंटिमीटरचे आणि १/२४ मध्ये जवळजवळ ४७ सेंटिमीटरचे होते, आणि मग पृष्ठभागावरची प्रत्येक खूण खऱ्या विमानाशी ताडून पाहिली जाते.

स्केलचे हे आकडे फूट-इंचांच्या मोजपट्टीतून आले आहेत. सहा फुटांना एक इंच म्हणजे १/७२, एका फुटाला पाव इंच म्हणजे १/४८, तीन अष्टमांश इंच म्हणजे १/३२ आणि अर्धा इंच म्हणजे १/२४. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात १/७२ ची लाकडी किट (जोडून मॉडेल बनवण्याच्या सुट्या भागांचे संच) आणि १९३६ पासून सेल्युलोज ॲसिटेटची किट विकली जात होती. दुसऱ्या महायुद्धात स्वपक्षाची आणि शत्रूची विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी हेच प्रमाण वापरले गेले आणि १९४२ मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांना अशी पाच लाख मॉडेले घडवण्याचे आवाहन करण्यात आले. युद्धानंतर पॉलिस्टायरीन आणि साच्यात दाबाने प्लॅस्टिक भरण्याचे तंत्र स्वस्त झाले आणि किट खेळण्यांच्या दुकानात पोहोचले.

मोठ्या स्केलची सलग मालिका उभी राहिली ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जेव्हा एका अमेरिकी कंपनीने १/३२ मध्ये महायुद्धकालीन लढाऊ विमाने काढायला सुरुवात केली. १९७० मध्ये ब्रिटनमधून १/२४ चे स्पिटफायर आले आणि पुढील काही वर्षांत त्याच मालिकेत मेसरश्मिट १०९, मस्टँग, हरिकेन, हॅरियर आणि स्टुका यांची भर पडली. जपानमध्ये लाकूडकामाची जुनी परंपरा असलेल्या शिझुओका शहरातील लाकडी किट बनवणारे कारागीर प्लॅस्टिककडे वळले होते, आणि त्या देशातूनही १९७० च्या दशकात १/३२ ची विमाने येऊ लागली. याच दशकातील तेलसंकटाने पॉलिस्टायरीन महागले, साचे घडवण्याचा खर्च वाढला आणि १९८१ मध्ये १/२४ च्या मालिकेमागचा ब्रिटिश उद्योगसमूह दिवाळखोरीत गेला. त्यानंतर जवळजवळ दोन दशके मोठ्या स्केलमध्ये नव्या विमानांची आवक तुरळक राहिली.

या सर्व सुरुवातीच्या किटांवर उठावाच्या रेषांचेच प्राबल्य होते, आणि त्याचे कारण सौंदर्यदृष्टीत नसून साच्याच्या कारखान्यात होते. त्या काळी विमानाचा लाकडी किंवा रेझिनचा नमुना दुप्पट किंवा त्याहून मोठ्या आकारात घडवला जाई आणि पँटोग्राफ या आकृती लहान-मोठी करून उतरवणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने तो लहान करत पोलादाच्या साच्यात उतरवला जाई. साच्याच्या पोकळीत कारागिराने सुईसारख्या हत्याराने रेघ ओढली की प्लॅस्टिकवर ती उठून दिसे. प्लॅस्टिकवर खोलगट रेघ हवी असेल तर पोलादात तितकीच बारीक धार उभी ठेवून बाकीचा सगळा पृष्ठभाग तासून काढावा लागे, आणि ते हाताने करणे जवळपास अशक्य होते. रिव्हेटांचेही, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचेही, तेच झाले: पोलादात एक ठोका मारला की प्लॅस्टिकवर एक बोंड उठे, आणि एका पंखावर हजारो बोंडे उठवणे सोपे होते म्हणून ती उठवली गेली.

हे चित्र बदलले ते विद्युत ठिणग्यांनी पोलाद झिजवण्याचे तंत्र साचेकामात रुळल्यावर. या तंत्रात तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा जो ठोकळा वापरतात तो किटच्या भागासारखाच, म्हणजे ‘सुलटा’ असतो. त्याच्यावर रेघ कोरली की पोलादात धार उभी राहते आणि प्लॅस्टिकवर पुन्हा कोरीव रेघ मिळते. जपानी कंपन्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत हे कौशल्य इतके पुढे नेले की कोरीव रेषा हेच दर्जाचे लक्षण मानले जाऊ लागले, आणि उठावाच्या रेषांची किट, त्यांतील कित्येकांचे आकार अत्यंत अचूक असूनही, जुनाट ठरली. अमेरिकेतील एका कंपनीची १/४८ मधील १९७० च्या दशकातली बॉम्बर विमाने या निकालाला अकारण बळी पडली असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. त्यांच्या कॉकपिटमधील बारकावे त्या काळात अन्यत्र क्वचितच सापडत.

कोरीव रेषा ‘अधिक खरी’ असते, हे गृहीतक मात्र तपासून पाहावे लागते. दोन पत्रे कडेला कड लावून बसवले असतील तर त्यांच्यातील फट एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. १/३२ मध्ये ती सुमारे ०.०३ मिलिमीटर होते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. किटवरील रेषा ०.१५ मिलिमीटर रुंद धरली तरी खऱ्या विमानावर ती जवळजवळ पाच मिलिमीटरची फट ठरते, आणि अशी फट घेऊन कोणतेही लढाऊ विमान धावपट्टीवर आले नसते. १९७० च्या दशकात एका ब्रिटिश खेळणी-कंपनीने काढलेल्या किटांवरील रेषा इतक्या खोल होत्या की त्यांना ‘खंदक’ हे नाव कायमचे चिकटले. परंतु ज्यांना सुबक म्हणून वाखाणले जाते त्या रेषाही मोजमापाच्या हिशेबात खंदकच आहेत, फक्त अरुंद. शिवाय अनेक विमानांवर पत्रे कडेला कड लावून जोडलेलेच नाहीत. एक पत्रा दुसऱ्यावर चढवून रिव्हेट मारलेले आहेत. स्पिटफायरच्या धडावर असे चढवलेले जोड आहेत. तेथे खरे तर एक अतिशय पातळ पायरी दिसायला हवी, आणि रेघ कोरली तर ती जोडाची रचनाच चुकीची सांगते.

मग कोरीव रेषेचा एवढा आग्रह का धरला गेला? याचे उत्तर विमानापेक्षा रंगकामात अधिक सापडते. १९८० च्या सुमारास युरोपातील मॉडेलकारांनी, मुख्यतः रणगाड्यांच्या मॉडेलांवरून, पातळ केलेला तैलरंग खाचांत सोडण्याची आणि उंचवट्यांवर कोरड्या कुंचल्याने फिका रंग घासण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्यातील पहिल्या क्रियेला ‘वॉश’ म्हणतात, आणि वॉश साठायला खाच लागते. उठावाच्या रेषेवर तो टिकत नाही. पुढे एअरब्रश (रंग बारीक फवारणारे हत्यार) घरोघरी आल्यावर मूळ रंगाच्या आधी प्रत्येक पॅनेलच्या कडेने काळा फवारण्याची पद्धत रूढ झाली, आणि तीही जोडरेषेलाच केंद्रस्थानी ठेवणारी होती. म्हणजे पृष्ठभाग कसा असावा हे ठरले ते त्याच्यावर पुढे काय करायचे आहे यावरून. कंपन्यांनी ग्राहकाला हवे ते दिले, ग्राहकाने जे मिळाले त्यालाच वास्तव मानले, आणि छायाचित्रांत क्वचितच दिसणारी काळसर चौकट मॉडेलांवर अनिवार्य होऊन बसली.

या गोंधळाचे सर्वांत ठळक उदाहरण पी-५१ मस्टँगचे आहे. या विमानाच्या पंखाचा छेद हवेचा प्रवाह शक्य तितका सुरळीत राहावा म्हणून बेतला होता, आणि पृष्ठभागावरच्या लहानशा खाचेनेही त्याचा लाभ कमी झाला असता. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या सुमारे ४० टक्के भागावरील जोड आणि रिव्हेट पुटीने भरून, घासून, त्यावर अस्तर आणि ॲल्युमिनियमच्या छटेचा रंग दिला जाई. युद्धाच्या उत्तरार्धात धड बिनरंगी, चकचकीत धातूचे ठेवले गेले तरी पंख रंगवलेलेच राहिले. असे असूनही मस्टँगच्या बहुतेक किटांवर पंखभर जोडरेषा आणि रिव्हेट कोरलेले असतात, आणि जाणकार मॉडेलकाराला नव्या, महागड्या किटवरचे साचेकाऱ्याचे परिश्रम पुटीखाली गाडावे लागतात. आज उड्डाणक्षम असलेल्या अनेक मस्टँगांची पुटी जीर्णोद्धारात काढून पंख चकचकीत केलेले आहेत, आणि त्यांचीच छायाचित्रे पाहून मॉडेले बनवली जात असल्याने चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकते. ज्यांना युद्धकालीन मस्टँग दाखवायचा आहे त्यांनी पंख भरून घ्यावा, याबाबत खरे तर दुमत असण्याचे कारण नाही.

सुट्या जोडभागांचा उद्योग हा या इतिहासाचा दुसरा धागा. १९८० च्या दशकात रेझिनचे कॉकपिट, आसने आणि चाके, तर १९९० च्या दशकात विशेषतः चेक प्रजासत्ताकातून आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्यांचे संच मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. पितळी पत्रा पट्टे, बिजागऱ्या आणि जाळ्यांसाठी उत्तम. गोल नळ्या आणि मुठींसाठी तो सपाटच राहतो, आणि १/३२ मध्ये तो सपाटपणा उघडा पडतो. गेल्या काही वर्षांत त्रिमितीय छपाईने तयार केलेल्या, डिकलप्रमाणे (मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांप्रमाणे) चिकटवायच्या उठावदार उपकरण-पट्ट्यांनी ही उणीव पुष्कळशी भरून काढली आहे.

शतक पालटताना मोठ्या स्केलला नवे दिवस आले. २००० मध्ये जपानमधून १/३२ चे झिरो आले, २००९ मध्ये त्याच कंपनीचे स्पिटफायरच्या ‘मार्क नऊ’ या प्रकाराचे किट, २०११ मध्ये मस्टँग आणि २०१३ मध्ये कॉर्सेअर. संगणकावर रेखाटलेल्या आणि अनेक दिशांनी सरकणाऱ्या साच्यांमुळे तोफांच्या नळ्या पोकळ निघू लागल्या आणि इंजिन उघडे दाखवता येईल अशी रचना साध्य झाली. चिनी कंपन्यांनी जेट विमानांचा धडाका लावला. १/३२ चे बी-१७ हे बॉम्बर विमान आले तेव्हा पंखांची लांबी जवळजवळ एक मीटर भरली. ब्रिटनमध्ये २००९ साली ६०० हून अधिक भागांचे १/२४ चे मॉस्किटो आले, पंख सुमारे ६९ सेंटिमीटरचे. त्याच वर्षी न्यूझीलंडमधील एका लहान कंपनीने पहिल्या महायुद्धातील विमाने १/३२ मध्ये काढली. कापडी आवरणाची वीण गोणपाटासारखी दाखवण्याची जुनी खोड सोडून तिने डोप (कापड ताणून धरणारा लेप) लावलेल्या कापडाचा गुळगुळीतपणा आणि फासळ्यांवरच्या फिती यथातथ्य दाखवल्या. ती कंपनी २०२० मध्ये बंद पडली, ही या क्षेत्राची मोठीच हानी झाली. तिने विकसित केलेले लँकॅस्टर या दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बर विमानाचे किट पुढे एका चिनी कंपनीने बाजारात आणले.

भारतीय वायुदलाचे विमान मोठ्या स्केलमध्ये करू पाहणाऱ्याची वाट अधिक बिकट असते. नाशिकजवळच्या ओझर येथे परवान्याखाली बांधल्या गेलेल्या मिग-२१ चे उदाहरण घेता येईल. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात चीनमधून १/३२ चे मिग-२१ आले ते एमएफ या प्रकाराचे, परंतु १९७१ च्या युद्धात लढलेला आपला एफएल हा प्रकार त्याहून आधीच्या बांधणीचे. त्याच्या पाठीवरचा कणा सडपातळ आहे, म्हणून एमएफच्या किटमधून ते घडवायचे तर धडाचा वरचा भागच नव्याने बेतावा लागतो. एफएल सुरुवातीला बिनरंगी धातूतच उडत असे. अशा विमानावर पॅनेल वेगळे दिसते ते खाचेमुळे नव्हे, तर मिश्रधातूच्या छटेतील आणि निष्कास-नळीजवळ उष्णतेने बदललेल्या रंगातील फरकामुळे. येथे काळा वॉश सोडला तर पुणे-नाशिकच्या ज्या वाचकांनी ते विमान जवळून पाहिले आहे त्यांना तो लगेच खटकेल. चंदीगड येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ सेवेतून निवृत्त झाले. आता त्याच्या पृष्ठभागाची बारकाईने छायाचित्रे घेण्याचे काम, जीर्णोद्धाराचा रंग चढण्यापूर्वी, तातडीने व्हायला हवे.

संग्रहालयातील विमानाचे लेसरने मापन करून साचा घडवण्याची पद्धत गेल्या दहा-पंधरा वर्षांत रूढ झाली. बाह्य आकाराच्या अचूकतेत तिने निर्विवाद भर घातली, परंतु तिच्याबरोबर त्या एका विमानाच्या दुरुस्त्याही किटमध्ये उतरतात. पृष्ठभागाविषयीचा विचार मात्र आता प्रगल्भ होत आहे. लँकॅस्टरसारख्या किटवर पत्र्याचा ताणलेला, किंचित लाटा पडलेला पोत दाखवण्याचा प्रयत्न झाला आहे. काही नव्या स्पिटफायरांवर चढवलेल्या जोडाची पायरी, कडेला कड लावलेल्या जोडाची कोरीव रेघ आणि मागील धडावरचे गोल डोक्याचे उठावाचे रिव्हेट हे तिन्ही आपापल्या योग्य जागी एकत्र आढळतात. यातील अडचण व्यावहारिक आहे: धडाचे दोन अर्ध चिकटवून सांधा घासताना उठावाचे रिव्हेट निघून जातात. त्यांच्या जागी लावण्यासाठी डिकलच्या कागदावर रेझिनच्या सूक्ष्म थेंबांच्या ओळी छापलेल्या मिळतात, आणि त्या अस्तराचा रंग देण्यापूर्वी, नकाशावर ओळ न्‌ ओळ मोजून बसवाव्या लागतात.