सकाळी रुसणारा संगणक

खानापूर तालुक्यातील माझ्या मामांच्या घरच्या संगणकाला गेल्या पावसाळ्यात एक विचित्र खोड लागली. सकाळी बटण दाबले की पंखा जेमतेम अर्धी गिरकी घेऊन थांबायचा, आणि दुपारी मात्र तोच संगणक पहिल्याच दाबण्याला सुरू व्हायचा. पश्चिम घाटाला लागून असलेल्या त्या पट्ट्यात जुलैमध्ये भिंतींनाही पाणी सुटते, त्यामुळे सगळा दोष ओलीवर टाकून घरचे मोकळे झाले होते. विजांच्या भीतीने मामी रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करतात. एका रात्री तो चुकून चालू राहिला आणि दुसऱ्या दिवशी, हवा तितकीच ओली असताना, संगणक सकाळीच मुकाट्याने सुरू झाला. "थंडीला आकसतंय बघ ते," असे मामी म्हणाल्या, आणि ते निदान माझ्या मल्टिमीटरपेक्षा, म्हणजे विजेचा दाब मोजणाऱ्या यंत्रापेक्षा, आधी बरोबर ठरले.

संगणकाच्या पॉवर सप्लायला, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या पेटीला, आपण एसएमपीएस (स्विच्ड मोड पॉवर सप्लाय) म्हणतो. घरातील 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह ही पेटी प्रथम एकदिश करून सुमारे 325 व्होल्टवर एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवते, आणि मग एक ट्रान्झिस्टर त्या विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. वारंवारता इतकी वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. जुन्या रेडिओतील जडशीळ लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे काम येथे काडेपेटीएवढा फेराइट या चुंबकीय पदार्थाचा तुकडा करतो. शेवटी 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे दाब बाहेर पडतात.

या पेटीत खरे तर दोन पुरवठे नांदतात. धाकटा सदैव जागा असतो आणि जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट देत राहतो. थोरला मात्र मदरबोर्डने हिरव्या तारेचा दाब शून्यावर ओढल्यावरच उठतो. संगणक निपचित पडलेला असला तरी भिंतीवरचा स्विच चालू असताना जांभळ्या तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळालेच पाहिजेत. मामांकडे सकाळी तेथे 5.03 दिसले, पण समोरचे बटण दाबताच आकडा 4.2 पर्यंत कोसळला, आणि दहा वाजता हीच चाचणी केली तेव्हा तो 4.9 च्या खाली उतरला नाही. कागदाच्या क्लिपने हिरवी आणि काळी (शून्य दाबाची) तार जोडून पंखा फिरला म्हणजे पेटी ठणठणीत आहे, हा समज किती फसवा आहे, ते येथे कळते. पंख्याला लागणारा भार तो काय!

हा दाब कोसळण्यामागे बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. त्याच्या ॲल्युमिनियमच्या डबीत द्रवाने भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो द्रव उडत जातो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. मात्र थकलेल्या कपॅसिटरला थंडीही सोसत नाही, कारण उरलासुरला द्रव गारठून त्यातील आयन मंदावतात आणि रोध आणखी चढतो. धाकटा पुरवठा रात्रभर चालू राहिला की त्याच्या स्वतःच्या उबेने कपॅसिटर कोमट राहतो, म्हणून स्विच बंद न केलेल्या रात्रीनंतर संगणक रुसला नाही.

पेटी मात्र मी उघडली नाही. वायर काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही काळ टिकून राहतो, आणि तो उतरवणे हे माहितगाराचे काम आहे. बेळगावच्या एका कारागिराने ती माझ्यासमोर खोलली तेव्हा धाकट्या पुरवठ्याजवळच्या दोन कपॅसिटरांच्या माथ्यावरची फुलीची खाच फुगून वर आली होती, आणि एकाच्या कडेला तपकिरी खपली धरली होती. त्याने त्याच मापाचे, 105 अंश तापमानाला टिकणारे नवे कपॅसिटर डाग देऊन बसवले. त्या रात्री मामींनी नेहमीप्रमाणे स्विच बंद केला, आणि सकाळी साडेसहाला जांभळ्या तारेवर, बटण दाबतानाही, 4.98 व्होल्ट टिकून राहिले.