पानाफांद्यांचा कॅमो आणि तुकड्यांचा कॅमो: हरणापुढे कोणता टिकतो

कॅमो म्हणजे शिकाऱ्याला जंगलात लपवणाऱ्या नक्षीचे कपडे. अमेरिकेत शिकारीच्या कपड्यांच्या दुकानात त्याचे दोन प्रकार एकाच दांडीवर टांगलेले असतात, आणि नव्याने परवाना काढलेला माणूस त्यांना एकच समजतो. एकावर ओकची पानं, सालीच्या भेगा, काटक्या आणि त्यांच्या सावल्यासुद्धा हुबेहूब छापलेल्या असतात. दुसऱ्यावर ओळखीचं काहीच नसतं, फिकट आणि गडद रंगांचे वेडेवाकडे मोठे तुकडे तेवढे. पहिल्याला नक्कल करणारा म्हणू, दुसऱ्याला आकार मोडणारा. "जो जास्त झाडासारखा दिसतो तो चांगला" हा सल्ला इथल्या मराठी मित्रांना दुकानात मिळतो, ते तो पुढच्याला देतात आणि तो तसाच फिरत राहतो. हरणाच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. मी लिहितोय ते इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल. कॅमेरा घेऊन ताडोबाला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

नक्कल करणारा कॅमो सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. पूर्वी इथले शिकारी सैन्याचे जुने कपडे घालायचे. १९८६ मध्ये जॉर्जियात बिल जॉर्डन यांनी रिअलट्री आणि मिसिसिपीत टॉक्सी हास यांनी मॉसी ओक हे कॅमोचे ब्रँड सुरू केले, आणि पुढच्या काही वर्षांत छपाई इतकी सुधारली की जॅकेट म्हणजे झाडाचा फोटोच झाला. दिसायला सुंदर असतं, यात वाद नाही.

आता जिथे सगळे अडखळतात तिथे येऊ. ते चित्र आपल्याला सुंदर दिसतं ते हातभर अंतरावरून, माणसाच्या डोळ्यांनी, दुकानाच्या दिव्याखाली. हरीण ते बघणार तीस-चाळीस पावलांवरून, झुंजूमुंजू उजेडात, आणि त्याच्या डोळ्यांनी. हरणाची नजर आपल्याइतकी बारीक नाही. आपल्या डोळ्यात मधोमध एक ठिपका असतो जिथे सगळं स्पष्ट उमटतं. हरणाला तसा ठिपका नाही. त्याच्याकडे आडवा पट्टा आहे, क्षितिजभर पसरलेला. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळपास ३०० अंशांचं दिसतं. म्हणजे अवतीभवतीचं सगळं दिसतं, पण बारकावे पुसट. तुम्ही पैसे मोजून घेतलेली पानाची शीर न् शीर त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

मग पोचतं काय? बारीक नक्षी अंतरावर एकमेकांत मिसळते. फिकट पान, गडद फांदी, करडी साल या सगळ्यांची सरासरी निघते आणि उरतो एक सलग, मध्यम गडद डाग. त्या डागाला डोकं असतं, खांदे असतात, दोन हात असतात. अख्ख्या जंगलात असा उभा, सलग, खांद्यांचा आकार एकाच प्राण्याचा असतो आणि हरणाला तो चांगला ठाऊक आहे. कपड्यावर झाड काढलं म्हणून माणसाचा आकार जात नाही. चित्र जितकं बारीक आणि रंग जितके एकमेकांजवळचे, तितका हा डाग जास्त ठोस दिसतो. महागातली पुष्कळ जॅकेटं इथेच नापास होतात.

आकार मोडणारा कॅमो झाडाची नक्कल करायच्या भानगडीत पडत नाही. त्याचे तुकडे मोठे असतात आणि त्यांच्यातला फिकट-गडद फरक मुद्दाम जोरदार ठेवलेला असतो, त्यामुळे नजर पुसट असली तरी ते वेगळे राहतात. एक फिकट पट्टा खांद्यावरून छातीपर्यंत गेला की खांद्याची कड तिथे तुटते. गडद तुकडा मागच्या सावलीला जाऊन मिळतो, फिकट तुकडा मागच्या उजेडाला. माणूस तिथेच असतो, पण त्याची बाह्यरेषा एका जागी सापडत नाही. गोअर कंपनीच्या ऑप्टिफेड या कॅमो-नक्षीमागे हाच विचार होता. त्यासाठी त्यांनी अमेरिकन सैन्यात कॅमोवर काम केलेले टिमोथी ओनील आणि रंगदृष्टीचे अभ्यासक जे नाइट्झ यांना घेतलं. त्या कपड्यावर मोठे तुकडे आकार मोडतात आणि त्यांच्या आतली बारीक नक्षी जवळून पाहणाऱ्यासाठी पोत देते.

कुणाला हे प्रयोगशाळेतलं वाटत असेल तर त्याने वाघाकडे बघावं. वाघाच्या अंगावर एकही पान काढलेलं नाही. उभे काळे पट्टे, मधे नारिंगी, पोटाकडे पांढरं. मोठे तुकडे आणि जबरदस्त फरक. उन्हाळ्यातल्या वाळक्या गवतात पंधरा पावलांवर बसलेला वाघ चितळाला दिसत नाही, जिप्सीतल्या माणसाला मात्र त्याचा नारिंगी रंग पटकन दिसतो. चितळासारख्या प्राण्यांची शिकार करूनच जगणाऱ्या प्राण्याची कातडी अशी असेल, तर छापील ओकच्या पानांसाठी मी एक डॉलरही जास्त देणार नाही.

वाघाच्या त्या नारिंगीतच दुसऱ्या गोंधळाचं, म्हणजे हरणाला शिकाऱ्याचा नारिंगी कपडा दिसतो का याचं, उत्तर आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत व्हाइटटेलच्या डोळ्यात दोनच प्रकार सापडले: एक ४५० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्याला सर्वाधिक प्रतिसाद देणारा, दुसरा ५३७ च्या आसपासच्या हिरव्याला. लाल-नारिंगीसाठी वेगळी सोयच नाही. त्यामुळे बंदुकीच्या हंगामात बहुतेक राज्यांत सक्तीची असलेली भडक नारिंगी बंडी हरणाला मळकट पिवळट-तपकिरीसारखी काहीतरी दिसते. पेन्सिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी लागते, जॉर्जियात कमरेच्या वर ५००. ती घालायला कुरकुरणारा शिकारी मला अजिबात समजत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याच्या गोळीपासून ती तुम्हाला वाचवते आणि हरणाला तिचं काही नाही. एवढंच, की ती सलग नारिंगी असेल तर मोठा एकरंगी डाग होतो. काळ्या तुकड्यांची नारिंगी काही राज्यांत चालते, काहींत चालत नाही. नियम वाचून चालत असेल तिथे तीच घ्या.

निळ्याचं उलट आहे. निळ्याच्या बाबतीत हरणाची नजर आपल्याहून तिखट आहे, आणि आपल्या डोळ्यातलं भिंग जे अतिनील किरण अडवतं त्यातले काही त्याच्या डोळ्यात आत जातात. पहाटे आणि सांजवेळी, म्हणजे हरणं हिंडतात तेव्हा, उजेडात निळ्याचं प्रमाण जास्त असतं. त्यात वर हजार डॉलरचं कॅमो जॅकेट आणि खाली जीन्स घातलेला माणूस दिसला की मला खरोखर वाईट वाटतं. त्याच्या अंगावर हरणाला सर्वांत ठळक दिसणारी वस्तू म्हणजे ती पँट.

याहून वाईट प्रकार घरी, धुण्याच्या यंत्रात होतो. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालायच्या, ते आठवत असेल. तशीच चमक देणारी द्रव्यं इथल्या बहुतेक साबणपुडींत आधीच घातलेली असतात. ती अतिनील किरण शोषून घेतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात, नेमका हरणाच्या निळ्या शंकूपेशींना लागणारा. अशा साबणात धुतलेला उत्तम कॅमोसुद्धा निळसर उजळतो, आणि मग त्यावर पानं होती की तुकडे, याने काही फरक पडत नाही. चमक न देणारा साबण मिळतो, पुडक्यावर तसं लिहिलेलं असतं. खात्री करायची तर अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारून बघा. कपडा निळा-पांढरा चमकला तर तो मचाणावर न्यायचा नाही. नवा कोरा कपडासुद्धा तपासा, कारण काही कापडात ही द्रव्यं कारखान्यातूनच येतात.

दुकानात निवड कशी करायची, तर जॅकेट दांडीवर ठेवून तीस पावलं मागे जा, फोनने फोटो काढा, तो कृष्णधवल करा आणि अंगठ्याएवढा लहान करून बघा. माती-पानांच्या रंगांसाठी ही परीक्षा पुरेशी आहे, निळ्यासाठी नाही. फोटोत जॅकेटचा आकार दिसला तर ठेवून द्या. तुकडे दिसले आणि आकार शोधावा लागला तर घ्या.

नक्कल करणारा कॅमो निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. रानटी टर्कीच्या शिकारीत मी तोच घालतो. पक्ष्यांची नजर बारीक असते आणि त्यांना लालही दिसतो, त्यामुळे झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्यावर सालीचं चित्र खरंच कामाला येतं. लव्हाळ्यात बसून बदकांची वाट बघणाऱ्यालाही तेच. दुकानात हे वेगळं करून कुणी सांगत नाही आणि टर्कीसाठीचं जॅकेट हरणाच्या मचाणावर जातं.

बाकीचे प्रश्न किरकोळ आहेत. हिरवा की तपकिरी? पानगळीनंतर तपकिरी-करडा, त्याआधी कुठलाही चालेल, हरणाला त्यातला फरक फारसा कळत नाही. या वर्षीचा नवा पॅटर्न? सोडून द्या. टोपीपासून मोज्यांपर्यंत एकाच छापाचा जोड घेणं तर मला मुळीच पटत नाही. वर एक आणि खाली दुसरा असेल तर आकार आणखी तुटतो. कापड मात्र मऊ लोकरीसारखं, आवाज न करणारं घ्या. खसखस वाजणारं नायलॉन कितीही छान छापलेलं असो, धनुष्य ताणताना वीस यार्डांवरच्या हरणाला ते ऐकू जातं.

अंग पूर्ण झाकून चेहरा आणि हात उघडे ठेवणारेही बरेच असतात. मचाणावर हलतात ते हेच दोन अवयव, आणि हालचाल टिपण्यात हरणाची नजर फार तरबेज आहे. पैसे कमी असतील तर जुना चौकड्यांचा तपकिरी फ्लॅनेल शर्ट घाला, मोठ्या चौकड्यांनी आकार बऱ्यापैकी मोडतो, आणि उरलेल्या पैशांत जाळीचा मुखवटा आणि पातळ हातमोजे घ्या.